जात्याला बांधलेली होडी

१

झाईच्या चिमणने आपली लेक सुषमा डहाणूला दिली ती तिच्या एकतिसाव्या वर्षी, आणि दिली ती बिजवराला. त्यात कुणी नाक मुरडावं असं काही नव्हतं. विनोद चांगला माणूस. दारू नाही, हात उगारणं नाही, घर स्वतःचं, आणि आपल्या किनाऱ्यावर शिडाची होडी राखून असलेला तो एकटाच. बाकीचे सगळे इंजिनवाले झाले. पण रिसॉर्टवर येणाऱ्या पाव्हण्यांना शीडच हवं असतं, फोटोत चांगलं दिसतं म्हणे. दर रविवारी विनोद त्यांना दहाला घेऊन निघायचा, वाऱ्यावर तासदीड तास फिरवायचा, मग खाडीच्या तोंडाबाहेर होडी उभी करून जेवण वाढायचा आणि चारच्या आत परत आणायचा. जेवण सुषमाच्या हातचं.

मग एवढं सगळं असताना बाईच्या पोटात दुखत काय होतं? तर तुळशी.

तुळशी म्हणजे विनोदची पहिली बायको. तीन वर्षांपूर्वी काविळीने गेली. घरातच गेली, खाटेवर, चार माणसांच्या देखत. आता मेलेल्या बाईचा कोण हेवा करतं, असं तुम्ही म्हणाल. सुषमा करत होती, खोटं कशाला बोला! मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तशी ती तुळशी. सासू, बारकीबाय, उठताबसता तिचं नाव घ्यायची. कालवण तुळशीचं, दारातला शेवगा तुळशीचा, पितळेच्या डब्यांवर नाव कोरलेलं तेही तुळशीचं.

आणि गळ्यात टाक. दुसरेपणावर आलेल्या बाईने सवतीचा टाक घालायचा असतो, तशी रीतच आहे. चिंचोक्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. नवी साडी आधी त्याला टेकवायची, मग नेसायची. सणाचा घास आधी त्याला दाखवायचा, मग आपण गिळायचा.

"गळ्यात आहे तोवर ती तुझ्यातच आहे," लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बारकीबाय म्हणाली होती. "आंघोळीलासुद्धा काढू नको, बाय."

सुषमाने मान डोलावली. पण मनात म्हणाली, माझ्यात कशाला? मेली ना ती, तर मग जाऊ दे की तिला.

२

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते बोंबील वाळत घालताना. पौष चालू होता, ऊन कोवळं होतं, आणि ओहोटीचं पाणी खाडीतून समुद्राकडे चाललं होतं. अशा वेळी उभ्या होड्या कशा राहतात हे झाईच्या पोरीला शिकवायला नको. पाणी होडीला ढकलतं, बांधलेला दोर ताणला जातो, आणि प्रत्येक होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाणी जिथून येतं तिकडे वळतं. समोर अकरा होड्या नांगरावर होत्या. अकराच्या अकरा नाळा किनाऱ्याकडे.

बारावी विनोदची. ती नांगरावर नसायची, तिचा बोया होता. एक निळं पिंप पाण्यावर तरंगायचं, त्याला लोखंडी कडी, खाली साखळी, आणि साखळीच्या टोकाला तळाशी जड दगड. ही होडी उलटी उभी होती. नाळ समुद्राकडे. मधला दोर तारेसारखा ताठ. चढावर बैल ओढावा तशी ती वाहत्या पाण्याच्या विरुद्ध ओढून धरलेली होती.

सुषमा हातातला बोंबील तसाच धरून बघत राहिली. वारा म्हणावा तर वारा जमिनीवरून. तिने संध्याकाळी नवऱ्याला विचारलं.

"तिथे भोवरा आहे पाण्यात," विनोद म्हणाला. तो जेवत होता, त्याने मान वर केली नाही.

"भोवऱ्यात होडी गोल फिरेल ना? ही तर हलत पण नव्हती."

"सुषमा, जेवू दे गो."

भोवरा तर भोवरा. समुद्राच्या पोटात काय काय असतं, आपल्याला काय कळतं, असं तिने मनाला सांगितलं. बारकीबायने मात्र भांडी आवरताना सहज सांगून टाकलं, आणि ते ऐकून सुषमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो दगड नाय, बाय. जातं आहे. तुळशीने माहेरहून आणलेलं. लग्नाच्या सालातच नांगर सरकून होडी खडकावर गेली होती, तेव्हा तीच म्हणाली, माझं जातं घ्या आणि टाका तळाशी. दोघांनी मिळून टाकलं. तेव्हापासून होडी हलली नाय जाग्यावरून."

म्हणजे बघा. घर तिचं, भांडी तिची, शेवगा तिचा. नवरा तेवढा आपला म्हणावं, तर त्याचीही होडी तिच्याच जात्याला बांधलेली. त्या रात्री सुषमाला झोप आली नाही. शेजारी विनोद शांत घोरत होता, आणि तिला त्या घोरण्याचाही राग येत होता.

३

विनोदबरोबर होडीवर जाणारा पांड्या फाल्गुनात वेरावळला ट्रॉलरवर गेला, तेव्हा सुषमा म्हणाली, मी येते. विनोदला ते फारसं आवडलं नाही. का आवडलं नाही, हा प्रश्न तिने मनात नीट बांधून ठेवला.

पहिल्या रविवारी मालाडचं एक कुटुंब होतं. हवा छान होती. शीड फुगलं, पाव्हण्यांनी आरोळ्या ठोकल्या, सुषमालाही बरं वाटलं. बारा वाजता विनोदने होडी बोयाकडे घेतली. ती मधे बसून स्टोव्ह पेटवत होती. विनोद दोराचं वेटोळं घेऊन नाळेवर गेला. पिंप अजून दोन वाव तरी लांब होतं. हात पोचणार नाही, आकड्याची काठीही पोचणार नाही, एवढं.

त्याने दोर फेकला आणि म्हणाला, "घे."

एवढंच. दोन माणसं दोर बांधतात तेव्हा एक फेकतो, दुसरा झेलतो, तेव्हा म्हणतात तसं. पण आवाज! सुषमाच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्या आवाजात तो तिच्याशी एकदाही बोलला नव्हता. गळ्यातून नव्हे, कुठून तरी आतून आलेला आवाज, झोपेतल्या माणसाला हळूच उठवावं तसा. आणि दोर फेकल्यावर त्याने बघितलंसुद्धा नाही. वळला, हात पुसले आणि पाव्हण्यांना म्हणाला, "चला, जेवून घ्या."

सुषमा उठून नाळेवर गेली. दोर कडीतून दोनदा ओवलेला होता आणि वर पक्की गाठ मारलेली होती. पाणी गाठीवरून अजून निथळत होतं.

आपण स्टोव्हकडे बघत होतो, तेवढ्यात त्याने ओढून बांधलं असेल. होडी पुढे गेली असेल, मग मागे आली असेल. असं सगळं तिने स्वतःला समजावलं, आणि पटलंही असतं. पण तिला भीती वाटायच्या आधी हेवा वाटला होता, आणि हेव्याला काही समजावता येत नाही. आपल्याला बाजूला बसवून नवऱ्याने दुसऱ्याच बाईशी गुजगोष्ट केली, असं तिला वाटलं. तिने भाकऱ्या वाढल्या त्या आपटून वाढल्या.

"तिखट आहे का हो?" मालाडच्या बाईने भीत भीत विचारलं.

"तिखटच आहे," सुषमा म्हणाली.

४

पुढच्या बुधवारी ती झाईला गेली आणि बापाला म्हणाली, मला नांगर द्या.

चिमण हसला. "लग्नात काय कमी दिलं म्हणून आता नांगर मागतेस?"

"घरात वापरात नाही तो द्या. चार आकड्यांचा."

लेकीचा चेहरा बघून म्हाताऱ्याने पुढे काही विचारलं नाही. टेम्पोत घालून तो स्वतः नांगर घेऊन आला. विनोदने नांगराकडे बघितलं, मग बायकोकडे.

"हे कशाला?"

"रविवारी बोयाला बांधायचं नाही. नांगर टाकायचा."

"अगो, तिथे खाली नुसता गाळ आहे. लोण्यात सुरी जाते तसा नांगर जातो आणि तसाच निघतो. सरकला की थेट खडक. पाव्हणे असतात होडीत. बोया कसा, एकदा बांधला की निवांत जेवा."

"बाकीच्या अकरा होड्या नांगरावरच असतात ना? बुडाल्या का त्या?"

"ते रात्रभर कूस बदलून बघत बसतात, सरकला का, सरकला का."

"मग मी बघत बसेन. मला चालेल." तिचा आवाज चढला. "माझ्या बापाचा नांगर माझ्या नवऱ्याच्या होडीला का चालत नाही? ती बाई गेली ना? मी डोळ्यांसमोर आहे. की दिसत नाही मी तुम्हाला?"

"दिसतेस गो."

"मग सांगा. नांगर की बोया?"

विनोदने नांगराच्या एका आकड्यावरून अंगठा फिरवला. तो शेवटी म्हणाला, "नांगर," आणि उठून बाहेर गेला. सुषमाला वाटलं, जिंकले! पण नवरा सुटका झाल्यासारखा दिसत नव्हता, आणि रागावलेलाही दिसत नव्हता. दूरच्या गावी कुणाला निरोप कसा पोचवायचा याच्या विचारात माणूस पडावा, तसा दिसत होता.

५

रविवारचे पाव्हणे दोघंच होते, वापीचे धर्मेश आणि हेमाली. नवं लग्न झालेलं जोडपं. हेमालीची नानी डहाणूची, त्यामुळे तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं आणि ते बोलायची हौसही होती. "सुषमाबेन, आम्ही फक्त व्हेज हं," तिने चढता चढताच सांगितलं. सुषमाने बटाट्याची भाजी आणलीच होती.

बारा वाजता विनोदने शीड उतरवलं आणि आडव्या काठीवर पसरून टाकलं. त्याची होडीच्या मधोमध छान सावली पडायची, फक्त नाळेवरून मागचं सुकाणू दिसायचं नाही. बोयाचं पिंप वीसेक हातांवर होतं. पाणी इतकं शांत, तरी ते पिंप सारखं खालीवर होत होतं.

विनोदने नांगर उचलला आणि सोडला. तोंडातून शब्द नाही. नांगर डुबुक करून गेला, दोर सरसर धावला, आणि लगेच थांबला. होडीला हिसका बसला. धरला! पहिल्या फेकीत धरला! गाळ म्हणे!

"बघा," सुषमा म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

विनोद पिंपाकडे बघत होता. "सुषमा," तो हळूच म्हणाला, "एकदाच बोयाला बांधू दे. शेवटचं. सांगून तरी येतो."

"कुणाला?"

तो सुकाणूकडे जाऊन बसला.

जेवणं झाली. धर्मेशला होडी लागली होती, तो सावलीत आडवा होऊन झोपला. हेमाली मागे विनोदपासून दोन हातांवर फोन घेऊन बसली. सुषमा नाळेवर आली, नांगराच्या दोराशेजारी मांडी घालून बसली, आणि आपण जिंकलो याची मजा घ्यायला लागली. मग तिने पिंपाकडे बघितलं.

ते वीस हातांवर नव्हतं. दहावर होतं.

ओहोटी चालू होती. पाणी समुद्राकडे चाललेलं, पिंप किनाऱ्याच्या बाजूला. नांगर सरकला असता तर होडी पिंपापासून लांब गेली असती. ती जवळ जात होती. नांगराचा दोर पुढे, पिंपाच्या रोखाने ताणलेला, आणि होडी त्याच्यावरून तसूतसूने ओढली जात होती. पाण्याचा आवाज नाही, लाकडाची करकर नाही. आता पिंप आठ हातांवर होतं.

दुसरी कुणी बाई किंचाळली असती. सुषमाच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बापाचा नांगर, आणि त्यालाही हिने हात लावला?

तिने गळ्यात हात घातला. टाक काळ्या दोऱ्यात ओवलेला होता. तिने दोन बोटांनी तो हिसडा मारून तोडला.

"घे!" ती दातओठ खात म्हणाली. "तुझं तुझ्याकडे. माझ्यात राहू नकोस. चालती हो!"

चांदीचा तुकडा पिंपाजवळ पडला. एवढासा, पण पडल्याचा आवाज आला नाही. पिंपाचं खालीवर होणं मात्र थांबलं.

६

"निघू या!" तिने शिडापलीकडे ओरडून सांगितलं. "मी नांगर काढते!"

"काढ," विनोदचा आवाज आला.

ती उभी राहिली, पाय फळीला रोवले आणि दोर ओढायला लागली. पहिले दोन वाव आले. मग दोर अडला. तिने जोर लावला, दोर हातभर आला. मग खालून कुणी तरी तो हातभर परत नेला.

गाळ असा करत नाही. खडकही करत नाही. खडकात अडकलेला दोर अडतो, परत घेत नाही. हे तिच्या डोक्यात आलं, आणि त्याच वेळी तिचे हात ओढतच राहिले, कारण सोडायचं म्हणजे हरायचं. ती ओढायची, खालची ओढायची. हातभर इकडे, हातभर तिकडे. तळहात सोलले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला.

ती वाकून खाली बघत होती. पाणी गढूळ, चहासारखं. त्यात तिचं प्रतिबिंब पडलं होतं, दोरावर दोन हात, मनगटात बांगड्या. आपलेच हात, तिने स्वतःला सांगितलं, पाण्यात आपलंच दिसतं. दम घ्यायला ती क्षणभर थांबली.

खालचे हात थांबले नाहीत. एकावर एक, एकावर एक, सवयीच्या बाईसारखे ते दोर आपल्याकडे घेत राहिले.

"माझा आहे तो!" सुषमा ओरडली. "ऐकलंस? लग्नाचा आहे माझा! सोड!"

आणि दोर सुटला.

एकदम ढिला पडला, इतका की ती मागे आपटली. ती उठली, हसत, रडत, भराभर दोर वर घेत. नांगर आला. चारही आकडे स्वच्छ, गाळाचा कण नाही. तिने तो फळीवर आदळला. हरली! मेली हरली! हात पेटल्यासारखे जळत होते, आणि तरी एवढं हलकं तिला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. आता घरी जायचं. उद्या शेवग्यावर कुऱ्हाड. डबे मोडीत.

"अहो!" तिने हाक मारली. "निघाला हो! शीड चढवा!"

कुणी उठलं नाही. शीड तसंच पडून होतं.

"अहो, ऐकलं का?"

ती शिडाखालून वाकून मागे गेली. धर्मेश तोंड उघडं टाकून झोपला होता. हेमाली फोनमध्ये बघत होती. सुकाणूजवळची फळी रिकामी होती. विनोदच्या चपला तिथे जोडून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा.

"हे कुठे गेले?" सुषमाने विचारलं.

हेमालीने मान वर केली आणि हसली. "मस्करी करता काय, सुषमाबेन?"

"कुठे गेले?"

"तुम्हीच तर हात दिला ना त्यांना. आत्ताच. इथून, पाण्यातून." हेमालीने होडीच्या कडेकडे बोट दाखवलं. "मी म्हटलं, बेनची काय डेरिंग आहे, साडीत पोहतात. तुम्ही पुढून कधी उतरलात ते कळलंच नाही मला. त्यांनी चपला काढल्या, तुमचा हात धरला आणि उतरले. मला वाटलं, तुम्हा लोकांची रोजची सवय असेल."

मग तिचं हसू हळूहळू कमी झालं. तिने सुषमाच्या साडीकडे बघितलं, केसांकडे बघितलं. "पण तुम्ही तर कोरड्या आहात," ती म्हणाली.

सुषमाने कडेवरून खाली बघितलं. पाणी सपाट. एक बुडबुडा नाही. आरडाओरड करायला हवी होती, इंजिनवाल्यांना हाका मारायला हव्या होत्या, उडी टाकायला हवी होती. हे सगळं पुढे तिने केलंही. पण आधी तिच्या तोंडून एकच प्रश्न निघाला, आणि तो विचारताना तिने हेमालीचं मनगट इतकं घट्ट धरलं की पोरगी कळवळली.

"जाताना त्याने मागे वळून बघितलं का?"

"नाही," हेमाली म्हणाली. "कशाला बघतील? तुम्ही तर समोरच होता ना."